येते हं

आई दही द्यायची ते उजव्या तळहातावर, अगदी मधोमध. चमचा टेकवून जरासा फिरवायची, म्हणजे साखर दह्यासोबत खाली उतरायची. मी ते चाटून घ्यायची. जिभेला आधी गार लागायचं, मग साखरेचे दोन-चार दाणे दाताखाली यायचे, आणि तेवढ्यात तिने पदराने माझा हात पुसलेला असायचा. वाईच्या मधल्या आळीतल्या आमच्या घराला चार पायऱ्या आहेत. मी तिसरीवर, ती वर उंबऱ्यात. मी म्हणायची, "आई, येते हं." ती म्हणायची, "ये."

कोपऱ्यावरच्या दुकानातून जिरं आणायला निघालेली मी, आणि 1996 साली लग्न होऊन न्यू जर्सीला निघालेली मी, दोघींना निरोप द्यायला आमच्या घरात हा एकच शब्द होता. तो त्या दिवशी मला फार तोकडा वाटला होता. आईने काहीतरी अधिक म्हणावं, निदान थोडं रडावं, असं मनात येत होतं. तिने नेहमीसारखंच "ये" म्हटलं आणि गाडी आळीच्या तोंडाशी वळेपर्यंत उंबऱ्यात उभी राहिली. आज वाटतं, ती रडली असती तर तो निरोप झाला असता. तिला तो होऊ द्यायचा नव्हता.

'जाते' म्हणायचं नाही, हे मला कुणी समजावून सांगितल्याचं आठवत नाही. चालायला शिकतात तसंच ते शिकले असेन. आपल्या भाषेत कितीतरी गोष्टी अशा आडून सांगायच्या असतात. दिवा विझवला म्हणायचं नाही, मालवला म्हणायचं. बांगडी फुटली तरी ती 'वाढवली'. देवापुढे नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. रात्री दुकानाच्या फळ्या लागल्या की दुकान वाढवलं. संपणाऱ्या, फुटणाऱ्या, बंद होणाऱ्या सगळ्या गोष्टींना आपण 'वाढ' या शब्दाखाली आसरा दिला आहे. जाणाऱ्या माणसाला 'येते' या शब्दाखाली. निघालेल्याला मागून "कुठे?" असंही विचारायचं नाही. आणि कुणी बाहेरगावी निघालं की लगेच केर काढायचा नाही. आई तर यात फारच कडक होती. मी निघाले की त्या दिवशी घरात पुन्हा केरसुणी उचलली जात नसे. भाऊ सांगायचा, तू गेलीस की दिवसभर पायाला कचकच लागते, पण ही हात लावू देत नाही.

तिकडे राहायला लागल्यावर पहिली अडचण झाली ती 'तिकडे' याच शब्दाची. न्यू जर्सीत बसून आम्ही 'तिकडे' म्हणतो तेव्हा भारत. मुंबईच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं की 'तिकडे' म्हणजे अमेरिका. या उलटापालटीला जीभ सरावते, ठेचसुद्धा लागत नाही. आईला मात्र हिशेब ठेवावा लागायचा. "तिकडे किती वाजले?" या प्रश्नाने तिचा प्रत्येक फोन सुरू व्हायचा, आणि नोव्हेंबरात आमची घड्याळं तासभर मागे गेली की ती गोंधळायची. साडेनऊ तासांचा फरक साडेदहा का होतो, हे मी तिला दरवर्षी सांगितलं आणि तिने दरवर्षी मन लावून ऐकलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, एकादशी-चतुर्थीच्या खुणांशेजारी, तिने पेन्सिलने लिहिलेलं असायचं : 'आजपासून साडेदहा'.

'घर' या शब्दाचं तसं होत नाही. तो शब्द खुपतो. एकदा सुट्टी संपत आली होती, मी तिच्या माजघरात बसून बॅग भरत होते. लोणच्याच्या बरण्या टॉवेलात गुंडाळत होते. ती कसल्यातरी कागदाबद्दल विचारत होती, आणि मी बोलून गेले, "घरी गेल्यावर बघते आणि कळवते." म्हणताक्षणी माझं मला ऐकू आलं. मी वर पाहिलं. ती मेतकुटाच्या पुडीला रबर लावत होती. एक वेढा, दुसरा वेढा, मग तिसरा. मग म्हणाली, "हो. घरी पोचलीस की लगेच कळव." तिने तो शब्द माझ्याकडून घेतला आणि जसाच्या तसा परत दिला. इतक्या वर्षांत माझ्यासाठी याहून मोठं काही कुणी केलेलं मला आठवत नाही.

माझ्या स्वयंपाकघरात दही लागतं ते ओव्हनमध्ये. जानेवारीत बाहेर बर्फ साचलेलं असतं, ओट्यावर ठेवलेलं दूध सकाळपर्यंत दूधच राहतं. म्हणून दूध कोमट करायचं, करंगळी बुडवून सहज दहा अंक मोजता आले पाहिजेत इतपत, विरजण घालायचं, आणि पातेलं आईच्या जुन्या लोकरी शालीत गुंडाळून बंद ओव्हनमध्ये ठेवायचं. ओव्हन लावायचा नाही, आतला दिवा तेवढा चालू. त्या एका दिव्याच्या उबेवर रात्रभरात दही लागतं. रात्री पाणी प्यायला उठलं की अंधाऱ्या स्वयंपाकघरात ती पिवळी काच दिसते, जणू देवघरात कुणी समई तेवत ठेवून झोपलं आहे.

हे विरजण वाईचं नाही. पहिल्या हिवाळ्यात मी दुकानातल्या डब्याचं दही लावून बघितलं, ते लागलं, पण चमच्याला तार सुटायची. शेजारच्या अपार्टमेंटमध्ये गुंटूरकडची एक बाई राहायची. तिला मराठी येत नव्हतं, मला तेलुगू येत नव्हतं, आणि दोघींचं इंग्रजी तेव्हा कच्चं होतं. तिने माझं ते दही बोटाने उचलून बघितलं, काही न बोलता घरी गेली आणि वाटीत चमचाभर दही घेऊन आली. ते विरजण आजवर चालू आहे. आम्ही भारतात गेलो की मी ते दुसऱ्या कुणाकडे ठेवून जायची, परत आल्यावर मागून आणायची. एकदा माझ्याकडचं आणि त्यांच्याकडचं, दोन्ही मेलं. तेव्हा ज्या मैत्रिणीला पूर्वी कधी तरी माझ्याकडचं दिलं होतं, तिच्याकडून चमचाभर परत आलं. गुंटूरची ती बाई केव्हाच टेक्सासला गेली. माझी मुलगी ज्याला 'घरचं दही' म्हणते, त्याचं मूळ कृष्णेच्या खोऱ्यातलंच, पण फार खाली, समुद्राजवळचं. वाई कृष्णेच्या उगमाजवळ, गुंटूर तिच्या मुखाकडे. दोन्ही गावं एकाच नदीची, हे माझ्या लक्षात यायला न्यू जर्सीत बरीच वर्षं जावी लागली.

आम्ही राहतो तिथून रोझेल वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. सपाट रस्त्यांचं, मेपलच्या झाडांचं साधं गाव. 1883 च्या जूनमध्ये आनंदीबाई जोशी बोटीतून न्यूयॉर्कला उतरल्या आणि याच गावात, थिओडोसिया कार्पेंटर यांच्या घरी आल्या. कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे ताटकळत बसलेलं असताना एका मासिकात आनंदीबाईंच्या पतीचं, गोपाळरावांचं पत्र वाचलं आणि त्यांना लिहिलं, तिथून हे सगळं सुरू झालं. आनंदीबाई तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. कलकत्त्याहून निघण्याआधी सेरामपूरला भाषणात त्यांनी सांगितलं होतं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन. त्या वयाच्या मुलीने, भरल्या सभेत, इंग्रजीतून. पुढे डॉक्टरकी शिकायला त्या फिलाडेल्फियाला गेल्या. तिथल्या थंडीत नऊवारी पुरेना, तेव्हा त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. त्याचा खुलासा त्यांना पत्रातून द्यावा लागला. अंग झाकायला साडीचा पदर कुठून कुठे घ्यायचा, एवढ्याशा गोष्टीत एक अख्खा समाज मागून डोकावत होता. मी तिकडे पहिल्यांदा साडीवर स्वेटर चढवला तेव्हा मला विचारणारं कुणी नव्हतं. पण चढवताना माझा हात थांबला होता, आणि मला त्याच आठवल्या होत्या.

मार्च 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूक ठरली. क्षय घेऊन परतल्या, आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. हे सगळं आपण शाळेपासून ऐकतो. मला फार उशिरा कळलं ते पुढचं : त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या पुरल्या गेल्या. जी बाई 'परत येईन' म्हणून निघाली आणि शब्द पाळून परत आली, तिला पुन्हा तोच समुद्र ओलांडून नेण्यात आलं.

एका ऑक्टोबरात मी एकटीच पोकीप्सीला गेले. ग्रँड सेंट्रल स्टेशनहून गाडी दोन तास हडसनच्या काठाकाठाने जाते. डाव्या हाताला सतत नदी. काही ठिकाणी रूळ पाण्याच्या इतके जवळ की आपण घाटाच्या खालच्या पायरीवरून चाललो आहोत असं वाटतं. दफनभूमी मोठी, उंचसखल, पानगळीने भरलेली. कार्पेंटरांच्या दगडांमध्ये तो दगड आहे. नावाचं स्पेलिंग जुन्या वळणाचं. शिक्षण घेण्यासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असं इंग्रजीत कोरलेलं. 'सोडणारी' हा शब्द वाचून मी थबकले. दगडावर थोडकेच शब्द मावतात हे खरं, पण त्यात परत आल्याचा शब्द मावला नाही.

मी काहीच नेलं नव्हतं. पर्समध्ये कुंकवाची डबी होती, ती उघडली आणि पुन्हा मिटली. हा कार्पेंटरांचा दगड, त्यांच्या रीतीची जमीन, तिथे आपण परस्पर बोट लावावं का, हे ठरेना. पाठीवर वारा येत होता. मी नुसती उभी राहिले. कार्पेंटरबाईंनी या मुलीला आपल्या माणसांत जागा दिली, आडनाव वेगळं, धर्म वेगळा, देश वेगळा असताना दिली. पुण्यातल्या तिच्या शेवटच्या दिवसांबद्दल वाचताना मला जो राग येतो तो इथे उभं राहिल्यावर कुठेतरी सैल झाला. हे तिचं घर होतं का, हे मला सांगता येणार नाही. कुणीतरी तिची वाट पाहिली होती, एवढं मात्र त्या दगडावरून कळत होतं.

निघायला वळले आणि तोंडातून आलं, "येते हं." मोठ्याने. आसपास कुणी नव्हतं. आईला सोडून इतर कुणाला हा शब्द मी इतक्या मनापासून म्हटला नव्हता. टॅक्सीत बसेपर्यंत माझे डोळे वाहत होते.

मुलगी आठ वर्षांची असताना तिला आम्ही मेणवलीला नेलं होतं. वाईपासून जेमतेम तीन-चार किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा, खाली घाट, आणि घाटावर देवळापाशी टांगलेली ती प्रचंड घंटा. ती मूळची चर्चची. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तिथून आलेल्या लुटीतली. घंटेवर बाळाला घेतलेली मेरी आहे आणि 1707 हा आकडा. मुलीने बोटाने आकडा गिरवला, मेरीच्या चेहऱ्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "ही इथली नाही ना?" आई म्हणाली, "आता इथलीच की. आम्ही लहानपणापासून हिलाच ऐकतोय." मुलगी गप्प राहिली. तिला ते पटलं की नाही कळलं नाही. घंटा लुटीतून आली, तिला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या मुलीलाही कुणी विचारलं नव्हतं, हे मला त्या घाटावर जाणवलं आणि मी तिचा हात घट्ट धरला.

रविवारच्या मराठी शाळेत ती क्रियापदं शिकली. मी जाते, तू जातेस, ती जाते. अठरा वर्षांची झाली, कॉलेजला पिट्सबर्गला निघाली, गाडीत उश्या आणि पांघरुणं छतापर्यंत भरली, आणि दारात म्हणाली, "आई, जाते."

"येते म्हण," मी म्हटलं.

"पण मी जातेय ना?"

तिने खरोखर समजून घ्यायला विचारलं होतं. मी दिवा, बांगडी, नारळ, दुकान, जे आठवेल ते सांगितलं. इंजिन चालू होतं, बाप स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. तिने सगळं ऐकून घेतलं, दही चाटलं, हात जीन्सला पुसला आणि गेली. तेव्हापासून ती प्रत्येक फोन "ओके आई, येते" म्हणून ठेवते. फोनवर 'येते' कुणी म्हणत नाही, 'ठेवते' म्हणतात. तिला वाटतं निरोपाचा शब्द हाच, कुठल्याही निरोपाचा. मी ती चूक कधीही सुधारणार नाही. डॉर्मच्या खोलीत पलंगावर मांडी घालून बसलेली मुलगी मला 'येते' म्हणते आणि मी पलीकडून "ये" म्हणते. शब्द आईचा, आवाजही आता आईसारखाच झाला आहे.

आई गेली त्या वर्षी मी पोचले ती तिसऱ्या दिवशी. घराचं काय करायचं हे ठरवायला आणखी एक वर्ष गेलं. भाऊ पुण्यात, मी न्यू जर्सीत. भिंतींना ओल येत होती, वरच्या मजल्याची तुळई खचली होती. विकायचं ठरलं. गेल्या पावसाळ्यात मी आवराआवर करायला गेले. भांडी वाटली, पुस्तकं ग्रंथालयाला दिली. कॅलेंडर खिळ्यावरून काढताना नोव्हेंबरचं पान उघडून पाहिलं. तिथे पेन्सिलने काहीच लिहिलेलं नव्हतं. नोव्हेंबर यायच्या आधीच ती गेली होती. दुकान 'वाढवलं' म्हणतात. घराला तसा शब्द आहे का, मी खूप आठवून पाहिलं. नाही. घर बंद केलं, असंच म्हणतात.

शेवटच्या सकाळी देव भावाच्या गाडीत ठेवले, कुलूप लावलं आणि पायऱ्या उतरले. तिसरीवर आल्यावर पाय आपोआप थांबले. मागे वळून पाहिलं. उंबऱ्यात कुलूप. तोंडातला शब्द तोंडातच राहिला. रिमझिम होती, भाऊ छत्री घेऊन खाली उभा होता, काही बोलत नव्हता.

समोरच्या घरातून काकू आल्या. ऐंशीच्या पुढच्या, गुडघ्यांनी थकलेल्या, एका हाताने भिंतीला धरत. दुसऱ्या हातात वाटी. "अगं थांब, अशीच निघालीस?" त्यांनी माझ्या तळहातावर दही दिलं. हात थरथरत होता म्हणून थोडं मनगटावर ओघळलं. पावसाळ्याचं दही, जरा आंबट, साखर भरपूर. मी ते चाटलं. त्यांनी पदराने माझा हात पुसला, आणि मग पुसत राहिल्या.

"काकू, येते."

"ये."

नवे मालक किल्ली न्यायला दुपारी येणार होते, तोवर ती त्यांच्याकडे ठेवायची होती. मी दिली. त्यांनी कनवटीला लावली आणि कुलपाकडे बघितलं. आत मी सकाळपासून खोकी ओढली होती. सुतळ्या, वर्तमानपत्रांचे तुकडे, फुटलेल्या बरणीच्या काचा, सगळं माजघरात तसंच पडलं होतं. मी म्हटलं, बाईला सांगून तेवढं झाडून घ्या, लोकांच्या ताब्यात असं द्यायला बरं नाही वाटत.

"ते मी त्यांना सांगते," काकू म्हणाल्या. "आज केर काढायचा नाही."

भावाने गाडी सुरू केली. आळीच्या तोंडाशी वळताना मी मागे पाहिलं. काकू अजून तिथेच होत्या, आमच्या चौथ्या पायरीवर, पावसात.